किल्लेदारांचं अ‍ॅप आणि त्याचं एकमेव गिऱ्हाईक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जिना आहे. त्या जिन्याच्या पोटात एक दुकान आहे, आणि त्या दुकानात किल्ल्या करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. गड ना तट, सगळं राज्य एका स्टुलाएवढं, पण नाव किल्लेदार. उभं राहायला जागा नाही म्हणून ते बसूनच असतात, आणि बसायला दुसरी जागा नाही म्हणून मी दारात बसतो. माझ्या सुनेच्या मते मी तिथे रोज नसतो, कायमच असतो.

मला किल्लेदार 'वार्तापत्र' म्हणतात. यात टोमणा आहे असं काही लोक सांगतात. मी तसं मानत नाही. कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या घरी नवा सोफा आला, कोण कुणाच्या लग्नाला मुद्दाम उशिरा गेलं, ही माहिती गल्लीत कुणीतरी जपायला नको? मी जपतो. आणि जपून ठेवली तर नासते, म्हणून वाटतो.

किल्लेदारांचं लक्ष मात्र माणसांत कमी, कुलपांत जास्त. माणूस समोर आला की ते चेहरा बघत नाहीत, हात पुढे करतात. किल्ली हातात आली की त्यांना ओळख पटते. "हां हां, तुम्ही ते वरचा खटका ढिला असलेले!" एका बाईंनी दार बदललं तर किल्लेदार त्यांना रस्त्यात ओळखेनात. बाई रागावल्या. मी मध्ये पडून समजूत घातली, आणि नंतर दोन्ही बाजूंनी काय काय बोलणं झालं ते सगळ्यांना सांगितलं. असो.

हा माणूस पोरवयात सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. मालकाची तिजोरी अडकली, ती ह्यानं सायकलच्या तारेनं उघडून दिली. मालकानं शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. तिजोरी उघडता येणारा नोकर कुणाला हवा? तेव्हापासून हा धंदा. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी. ती ह्याच दुकानात, ह्याच फळीवर बसून वाढली. लहान असताना तिनं एकदा डब्यातल्या सगळ्या कोऱ्या किल्ल्यांना नेलपॉलिश लावून ठेवलं. दुसरा बाप असता तर पाठीत धपाटा घातला असता. किल्लेदारांनी त्या तशाच कापून दिल्या, आणि गंमत बघा, लोकांना आवडल्या! लाल पुढच्या दाराची, गुलाबी कपाटाची. चष्मा न लावताही कळायला लागलं. तेव्हापासून किल्लेदारांची पक्की समजूत झाली की पोरगी जे करेल ते बरोबरच असतं. तिला 'नाही' म्हणायचं कुलूप त्यांच्याकडे नाहीच.

मुलगी शिकली आणि मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिनं नवराही त्याच मुलखातला शोधला, पण पलीकडच्या तटावरचा. तो वेबसाइटी बनवतो. म्हणजे फोनमध्ये काही भरून ठेवायचं नाही, पत्ता टाकला की पान उघडतं, काम झालं की बंद. जावई मला एकदा म्हणाला, "काका, लोकांच्या घरी सासू-सुनेचं वाजतं. आमच्याकडे अ‍ॅप आणि वेबसाइटचं वाजतं. सासू असती तर बरं झालं असतं, मधून मधून थकली तरी असती."

त्या सुमारास एका बड्या कंपनीनं आमच्या भागातल्या प्रत्येक दाराशेजारी आपला स्टिकर चिकटवला. 'कुलूप अडकलं? फोन करा.' खाली गलेलठ्ठ आकड्यांत नंबर. किल्लेदारांचं काम आटू लागलं. मुलीला हे कळलं आणि एका सुट्टीच्या सकाळी ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली.

"बाबा, तुमच्यासाठी अ‍ॅप बनवते."

"अ‍ॅप कशाला?" जावई म्हणाला. "एक पान पुरे. दार बंद झालेला माणूस जिन्यात उभा आहे. तो आधी अ‍ॅप शोधणार, डाउनलोड करणार, पासवर्ड ठरवणार, आणि मग बाबांना बोलावणार? तोवर दार वाळवीनं उघडेल."

"डाउनलोड आधीच केलेलं असेल ना," ती म्हणाली. "एकदा घेतलं की कायम खिशात. बटण दाबलं की बाबांना जागा कळते. इमारत, मजला, सगळं. नेट गेलं तरी निरोप थांबून राहतो, नेट आलं की पोचतो. तुझ्या पानाचा पत्ता लक्षात ठेवावा लागतो. ज्याला किल्ली लक्षात राहिली नाही, त्याला पत्ता राहणार?"

"वा!" मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत होतं असं नाही. पण वाद चांगला चालला होता, आणि चांगल्या वादात मत नसणं मला अपमानासारखं वाटतं. मी घसा खाकरून निकाल दिला: "वेबसाइट म्हणजे भाड्याची खोली. अ‍ॅप म्हणजे स्वतःचं घर. किल्लेदारांना घरच शोभेल."

जावई माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, घर बांधलं तरी पाहुण्याला रस्ता सापडायला हवा."

पण त्याचं कोण ऐकतो! किल्लेदारांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि कानस उचलून उगाच एक किल्ली घासायला घेतली. जावयाला दुखवायचं नाही आणि लेकीला मोडता घालायचा नाही, अशी वेळ आली की ते किल्ली घासतात. त्या दिवशी घासता घासता त्या किल्लीचे दाते संपले.

पुढे काही महिने ती नोकरी सांभाळून अ‍ॅप बनवत होती. झालं तेव्हा खरंच देखणं झालं. फोनवर एक छोटी सोनेरी किल्ली. ती दाबली की मोठं लाल बटण: 'मी बाहेर अडकलोय'. ते दाबलं की किल्लेदारांच्या फोनमध्ये किल्ल्यांचा जुडगा खुळखुळल्याचा आवाज. गल्लीत पहिलं डाउनलोड मी केलं. म्हणजे करायला गेलो, तर फोन म्हणाला जागा नाही. माझ्या फोनमध्ये सुप्रभाताची फुलं, आरोग्याचे सल्ले आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेले, पण मला चुकून आलेले निरोप भरलेले. मी फुलं काढून टाकली, सल्लेही काढले. चुकून आलेले निरोप मात्र ठेवले. ते कधी लागतील सांगता येत नाही.

मग अख्ख्या गल्लीनं अ‍ॅप घेतलं. किल्लेदारांच्या प्रेमापोटी, आणि थोडं माझ्या पिच्छा पुरवण्यामुळे. जिन्यात गाठून मी लोकांच्या फोनमध्ये किल्ली बसवून देत होतो. आणि मग आम्ही खुळखुळाटाची वाट बघत बसलो.

खुळखुळाट काही होईना.

लोकांची दारं अडकत नव्हती असं नव्हे. चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक एका सकाळी आंघोळ उरकून, कमरेला टॉवेल गुंडाळून दारातलं वर्तमानपत्र उचलायला बाहेर आले. वारा आला, दार धाडकन बंद. घरात दुसरं कुणी नाही. प्राध्यापक एका हाताने टॉवेल आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र सावरत चार मजले उतरून दुकानाशी आले. मी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "अहो, पण तुमच्याकडे अ‍ॅप आहे ना?"

"आहे की!" ते ओरडले. "आत आहे! चार्जिंगला लावलंय!"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. मंडळी, ज्याची किल्ली आत राहते त्याचा फोनही बहुधा किल्लीच्याच शेजारी असतो. किल्ली खिशात घालायला विसरणारा माणूस फोन तेवढा आठवणीनं घेऊन निघेल, ही अपेक्षा आम्ही तिघा शहाण्यांनी केली होती. बाहेर अडकलेले लोक शेजारची बेल वाजवत, शेजाऱ्याच्या फोनवरून स्टिकरवरच्या नंबरला फोन करत, आणि बड्या कंपनीचा माणूस येई. शेजाऱ्याच्या फोनमध्येही सोनेरी किल्ली असायची, पण ती उघडायला पासवर्ड शेजाऱ्याचा, आणि मदत गेली तर शेजाऱ्याच्याच दाराशी जायची.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन येई. "बाबा, मला इथे अजून शून्यच दिसतंय. काही बिघडलंय का?"

"नाही गं. लोक हल्ली जपून वागतात."

एका संध्याकाळी फोन ठेवून किल्लेदार माझ्याकडे वळले. तोंड असं की कुलपात किल्ली मोडलेल्या माणसाचं असावं. "वार्तापत्र, तेवढं एकदा दाबा ना."

"काय?"

"ते लाल. एकदाच. पोरीच्या आवाजात काही राहिलं नाही हो."

आता मी नको म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडी सांगत आलेल्या माणसाला स्वतः एका भानगडीत शिरायची संधी आयतीच मिळत होती. मी दाबलं. किल्लेदारांच्या फोनमध्ये जुडगा खुळखुळला, आणि क्षणात मुलीचा फोन. "बाबा! आलं! बघितलंत?" तिचा आनंद मला स्टुलावर बसून ऐकू येत होता. किल्लेदारांनी माझ्यासाठी चहा मागवला.

त्या 'एकदाच'चं रोजचं झालं. सकाळी एकदा, दुपारी झोपून उठल्यावर एकदा, लहर आली तर मधे एखादं. आणि मी जात्याच आळशी, त्यामुळे हे सगळं त्या दारातल्या स्टुलावर बसूनच. एका हातात चहा, दुसऱ्या हातानं 'मी बाहेर अडकलोय'.

त्याच सुमारास घरातलं वारं फिरलं. सून, जी एरवी "बाबा, चपला दारात काढा" एवढंच बोलते, ती अचानक मऊ झाली. माझं जेवण झालं का दोनदा विचारू लागली. किल्ली रिबिनीत ओवून तिनं माझ्या गळ्यात घातली. न्हाणीघराच्या दारावर 'न्हाणीघर' असा कागद लागला. जिन्यात लोक मला मोठ्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा करून नमस्कार करू लागले. प्राध्यापकांनी तर विचारलं, "आज वार कुठला, काका?" मी सांगितला. ते म्हणाले, "शाब्बास!"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, उतारवयात का होईना, जगाला माझी किंमत कळली. मी ताठ मानेनं, गळ्यात रिबीन घालून, गल्लीतून फिरत होतो.

शेवटी सुनेनं एकदा डोळ्याला पदर लावून विचारलं, "बाबा, तुम्हाला घर सापडत नाही तेव्हा भीती वाटते का हो?"

"कुणाला सापडत नाही?"

"किल्लेदारांच्या मुलीनं फोन केला होता. बिचारी संकोचून बोलत होती. म्हणाली, काका दिवसातून कितीदा तरी बाहेर अडकतात, आणि नकाशावर बघितलं तर ते बसलेले असतात बाबांच्या दुकानातच. किल्लीवाल्याच्या दुकानात बसून किल्लीवाल्याला बोलावतात..."

बघा, अ‍ॅपला जागा कळते, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा 'वा' कुणी म्हटलं होतं? मीच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी तडक दुकान गाठलं. "किल्लेदार, गल्ली मला खुळा समजते! माझी नाचक्की झाली! आत्ताच्या आत्ता लेकीला खरं सांगा."

"सांगतो. थोडे दिवस जाऊ द्या. तिनं एवढं खपून केलंय, मन मोडेल हो तिचं."

"आणि माझं डोकं फिरलंय अशी बोंब झाली, त्याचं काय?"

किल्लेदार अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "पण तुमच्या बाबतीत लोकांना फार आश्चर्य नाही वाटलं म्हणतात."

मी स्टुलावर बसलो. मैत्रीसाठी माणूस प्राण देतो. मी अक्कल दिली, तीही जेवढी होती तेवढी.

पण ते प्रकरण एवढ्यावर थांबायचं नव्हतं. पुढच्या सुट्टीला मुलगी दुकानात आली ती हसतच. मागून जावई. "बाबा, मी ठरवलं. उद्या राजीनामा देते. प्लंबर, वायरमन, काच बसवणारे, सगळ्यांसाठी अशीच अ‍ॅप करायची. लोक विचारतात चालतं याला पुरावा काय. पुरावा आहे ना! आपलं दुकान आहे! एक गिऱ्हाईक थोडं..." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, "...थोडं वेगळं आहे. पण रोज वापरतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांना जमतंय, याहून काय हवं?"

जावई म्हणाला, "आकडे बघून मीच हरलो, बाबा. घराचे हप्ते आहेत, पण होईल काहीतरी. तिचा भरवसा आहे, तर मीही आहे."

किल्लेदारांनी कानस उचलली. मी म्हणालो, "किल्लेदार, आज घासू नका."

त्यांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "बाळ, राजीनामा देऊ नकोस. ते सगळं खोटं आहे. मी ह्यांना दाबायला सांगत होतो."

मुलीनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, किती चांगले आहात हो तुम्ही. काकांना लाज वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय."

"अगं नाही!" मी ओरडलो. "मी शुद्धीत दाबत होतो! मुद्दाम!"

"हो काका," ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली.

खोटं पसरायला मला कधी फार वेळ लागला नाही. खरं पटवायची माझी ही पहिलीच खेप, आणि सराव नव्हता. शेवटी किल्लेदारच बोलले. "तुझ्या नकाशात बघ. ह्यांनी दाबलं, त्यानंतर मी कुठे गेलो? एकदा तरी ह्यांच्या दाराशी गेलो?"

तिनं फोन काढला. बोट फिरवत राहिली. दोन ठिपके, एक बापाचा, एक माझा, रोजच्या रोज दुकानात एकमेकांना चिकटलेले. कुणी जागचं हललं नव्हतं.

"दार कुणी उघडलं मग?" तिनं हळूच विचारलं.

"दार बंदच नव्हतं गं."

ती फळीवर बसली, लहानपणी बसायची तिथेच. रडेल असं मला वाटलं. पण ती भडकली. "शून्य दिसत होतं तेव्हा ते शून्यच राहू द्यायचं ना, बाबा! मी शोधलं असतं का शून्य ते. तुम्ही दोघं मला फसवत बसलात, आणि मी उद्या नोकरी सोडत होते! मला वाईट वाटेल म्हणून? मी काय अजून नेलपॉलिश लावतेय?"

तिचं बोलून झालं, तेव्हा तिनं विचारलं, "खरं गिऱ्हाईक येतं कसं?" मग त्यांनी प्राध्यापकांचा टॉवेल सांगितला. शेजारची बेल सांगितली. दुसऱ्याचा फोन सांगितला. टॉवेलाशी येता येता तिला हसू फुटलं, ते तिनं दाबलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तू हसलास तर घरी येऊ नकोस."

"मी कुठे हसतोय?" जावई म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"कुणाच्याही फोनवर उघडायला हवं," ती म्हणाली. "पासवर्ड नको. डाउनलोड नको. दाराजवळ पत्ता लिहिलेला हवा."

"म्हणजे पान," जावई म्हणाला.

"म्हणजे पान. आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस."

पान दोघांनी मिळून केलं. भांडणं ऐकायला मी मुद्दाम जाऊन बसलो होतो, चांगली झाली. तिनं राजीनामा दिला नाही. अ‍ॅपही मोडीत निघालं नाही. इमारतींचे रखवालदार, भाडेकरू बदलणारे घरमालक, ज्यांना किल्लेदार सारखे लागतात आणि ज्यांचा फोन हातातच असतो, ते सोनेरी किल्लीच वापरतात. बाकीच्यांसाठी दाराशेजारी किल्लेदारांचा छोटा स्टिकर आहे. शेजाऱ्याच्या फोनवर पान उघडायचं, मजला सांगायचा, संपलं. आता खरा खुळखुळाट होतो. पेटी उचलून किल्लेदार मधूनच निघून जातात आणि मला एकट्यानं दुकान राखावं लागतं.

पोरीनं बापाशी बोलणं सोडलं नाही. पण आता "आज किती?" असं विचारते तेव्हा किल्लेदार खरा आकडा सांगतात. कधी कधी एकही नसतं, तसंही सांगतात. त्यांना ते जड जातं. मला दिसतं.

राहिलो मी. मुलीनं स्वतः सुनेला फोन करून सगळं सांगितलं. सून ऐकून घेऊन मला म्हणाली, "हो बाबा, नाटक होतं ते. मला कळलं." आणि किल्लीची रिबीन नीट बांधून दिली. प्राध्यापकांना मी साद्यंत हकीकत सांगितली. त्यांनी शेवटी वार विचारला. बातमीचं तर विचारूच नका. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात काय चाललंय ते मी डोळ्यांनी पाहून सांगितलं, तर ऐकणारा म्हणाला, "असेल हो, असेल," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. चाळीस वर्षं कमावलेली पत एका लाल बटणानं घालवली.

किल्लेदारांना माझी दया आली. म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना. माझी चूक, मीच निस्तरतो." आणि खरंच, परवा जिन्यात चारचौघांसमोर त्यांनी हात जोडून सांगितलं, "वार्तापत्र अगदी शहाणे आहेत. मीच त्यांना तसं करायला लावत होतो." खालच्या मजल्यावरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मित्र असावा तर असा. त्यांच्यासाठी स्वतःला वाईट म्हणवून घेतो."

मी वरून उतरत होतो. बाईंनी मला पाहिलं, लगबगीनं पुढे आल्या, आणि माझा हात धरून उरलेल्या पायऱ्या एकेक करून उतरवून दिल्या. किल्लेदार खाली उभे राहून बघत होते.

उतरलो. करतो काय!